उलट्या उडीचा माणूस

शिक्केवाल्याने बायकोचा दात पाडला आणि डान्स फिटनेसच्या वर्गातून त्याला कायमचं हाकललं. पण असं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

तर शिक्केवाला शेवटच्या रांगेत उजवीकडे उड्या मारत होता. उरलेला वर्ग डावीकडे गेला होता.

"काका, डावीकडे!" ट्रेनर ओरडली.

"तेच चाललंय की!"

त्याचा तरी काय दोष? हयातभर त्याने रबरी शिक्के कोरले. अक्षरं उलटी कोरली तरच कागदावर सुलटी उमटतात. समोर दिसेल ते उलटून करायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. बायकोने "माझ्या मागे तिथे येऊ नका" असं बजावलं, त्याच दिवशी त्याने वर्गात नाव घातलं.

बायको पहिल्या रांगेत. तिची अट एकच: वर्गात मी तुमची कोणी नाही. म्हणून तीही त्याला काकाच म्हणायची.

"काका, पाणी प्या हो. पडलात तर उचलणार कोण?"

वर्ग खिदळायचा, तीही खिदळायची. घरी ती त्याच्याशी मीठ संपलं आणि गॅस संपला एवढंच बोले. इथे निदान हसत तरी होती. त्या हसण्यासाठी तो रोज गुडघे मोडून घ्यायला तयार होता.

"गोंधळ झाला तर काकांकडे बघा आणि उलट करा," ट्रेनरने वर्गाला सांगून टाकलं. सगळ्यांच्या स्टेप सुधारल्या. शिक्केवाल्याची छाती फुगली.

मग एकदा ट्रेनरने त्याला पहिल्या रांगेत ओढलं, थेट बायकोच्या शेजारी.

"काका, तुम्ही अंग चोरता. अशाने घाम कसा येणार? हात पूर्ण फेका, गुडघा वर! आज झोकून द्या."

"मी मागे जाते," बायको म्हणाली.

"छे हो ताई! तुम्ही सुलट, काका उलट. जोडी मस्त दिसते."

जोडी! शिक्केवाल्याने स्वतःला झोकून दिलं. वर्ग डावीकडे गेला. त्याचं कोपर उजवीकडे.

"अहो!" बायको किंचाळली.

गाणं थांबलं. ट्रेनरने दोघांकडे पाहिलं. "अहो? म्हणजे काका तुमचे मिस्टर?"

"होते," बायको म्हणाली. दात नसल्यामुळे 'त' नीट उमटला नाही, पण अर्थ पोचला.

शिक्केवाला काचेच्या दाराबाहेर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरा घाम फुटला होता. आत गाणं पुन्हा लागलं. तोंडात कापसाचा बोळा धरून बायको नाचत होती, तेही झकास.

तो काउंटरवरच्या मुलीकडे वळला. "घ्या लिहून."

"बोला काका," ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली.

"सदर वर्गातील बहुसंख्य सदस्य चुकीच्या दिशेने वळत असल्याने अपघात घडला आहे. सबब, यापुढे संपूर्ण वर्गाने उजवीकडे वळावे आणि अर्जदारास त्याच्या पत्नीशेजारील जागा पूर्ववत देण्यात यावी, ही नम्र विनंती."