वाट पाहायला सांगणारी चिठ्ठी

"पेटीतून निघालेल्या वचनाला 'का' विचारायचं नाही." या घरातली लेकरं बोलायला लागली की त्यांना आधी हा नियम शिकवतात. ती पेटी म्हणजे मी. मान खाली घालून बोलतेय.

चर्चचे बाक बनवताना उरलेल्या फळीतून एका सुताराने मला घडवलं. पाळकांनी या घरातल्या थोरल्या काकांच्या लग्नात मला भेट म्हणून दिलं. काकूंनी बायबलातली दोनशे वचनं सुबक अक्षरांत चिठ्ठ्यांवर उतरवली आणि माझ्या पोटात उभी लावली. सकाळच्या प्रार्थनेनंतर प्रत्येकाने एक काढायची, वाचायची, परत ठेवायची. दिवसाला पुरेल एवढा धीर द्यायचा, इतकंच माझं काम. सुखात होते मी.

मग काका मला प्रश्न विचारू लागले. नोकरी बदलू का? घर घेऊ का? काका मुळातच भित्रे. वाट पाहायला सांगणारी चिठ्ठी निघाली की त्यांना हायसं वाटायचं. ती ते तासन्‌तास हातात धरून बसायचे. तिचे कोपरे मऊ पडले, कडा फुगल्या. फुगलेली चिठ्ठी बोटाला आधी लागते, म्हणून तीच पुन्हा पुन्हा निघू लागली. काका म्हणायचे, "बघा, देव कसा एकच गोष्ट सांगतोय!"

देव नव्हे हो, अंगठा! मला ठाऊक होतं. पण पाहुण्यांपुढे माझं कौतुक व्हायचं, म्हणून मी ते मिरवलं.

काकांच्या दिवंगत भावाची बायको आणि तिची कॉलेजात शिकणारी लेक याच घरात राहतात. आईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढा. काकांनी तिला माझ्यासमोर बसवलं. पहिल्या महिन्यात 'वाट पाहा'. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्यातही तेच. गाठ वाढत होती आणि मी फडताळात ऐटीत बसले होते. लाकडाला लाज वाटते का, असं कुणी विचारू नका. वाटते. माझ्याकडे धीर मागायला या, निकाल मागू नका, एवढंच तुम्हाला विनवते.

आज सकाळी टेबलावर ऑपरेशनचा संमतीचा कागद होता. काकांनी मला त्यावरच ठेवलं.

"आधी वचन काढू."

"तीनदा काढलं की, काका!" लेक म्हणाली.

"देवाला घाई नसते गं," काकू म्हणाल्या.

"देवाला नसेल काकू, गाठीला आहे."

"चार बुकं शिकलीस म्हणून विश्वास सोडलास?" काकांचा आवाज चढला.

आईचा हात माझ्याकडे आला. लेकीने तो आपल्या हातात घेतला.

"सोडला नाही, काका. आई वाचेल की नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचत नाहीत, नुसती बसून राहते. पण पुढचं सगळं आधी कळलं तरच पाऊल टाकायचं, तर देवावर भरवसा ठेवला कुठे? काही कळत नसताना त्याच्यावर सोपवून आम्ही दवाखान्यात निघालोय. मी चिठ्ठी काढणार नाही. आई, तू?"

आईने मला बाजूला सरकवलं आणि कागदावर सही केली.

काकू "अगं" म्हणाल्या. काका खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. लेकीने आईच्या चपला तिच्या पायांशी आणून ठेवल्या. त्या दोघी दवाखान्याकडे निघाल्या.