काकाने आम्हाला झाडून काढलं

थांबा रे, मला सांगू द्या, नाहीतर माझ्या पोटातच राहील. परवा संध्याकाळी आम्ही सगळे झूमध्ये गेलो होतो. मी, आई, ताई, भाऊजी आणि काका. ताई म्हणजे काकाची एकुलती एक लेक. आणि काकाने त्याच झूमध्ये उभा जन्म काढलाय, पाणघोड्याच्या तलावावर पहारेकरी म्हणून. आता त्याला काही म्हणजे काहीच आठवत नाही. ताईला 'बाई' म्हणतो. "बाई, चहा छान झालाय हं." पोटच्या पोरीला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला केंद्रात ठेवायचं ठरलं होतं, जिथे असे म्हातारे सांभाळतात तिथे. ताईचं एकच, जायच्या आधी त्याने एकदा तरी ओळखावं. भाऊजी म्हणाले, "अगं, घरात ओळखत नाहीत, पाणघोड्यासमोर काय ओळखणार?"

"तू गप्प बस. मी तिथे बाबांच्या खांद्यावर बसून हिंडलेय."

गेलो. काका जिराफाकडे असा बघत होता जसं काही पहिल्यांदाच बघतोय. तलावात पाणघोड्याच्या नुसत्या नाकपुड्या वर. ताईने विचारलं, "बाबा, मी कोण?" काकाने खूप विचार केला हो, खरंच केला. मग म्हणाला, "तुम्ही शेजारच्या ना?" आईने पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं.

आणि तेवढ्यात बंद व्हायची घंटा झाली. अरे, काका ताठ! पाठ सरळ, हात पसरलेले. झूचे पहारेकरी ना, बंद व्हायच्या वेळी टोकापासून सुरुवात करून गर्दी गेटकडे ढकलत आणतात, त्याला 'माणसं झाडणं' म्हणतात. 'बाहेर' हा शब्द वापरायचा नाही, लोकांना हाकलल्यासारखं वाटतं. काका टाळ्या वाजवत निघाला, "चला मंडळी, यांना झोपू द्या!" बाकावर एक जोडपं चिकटून बसलं होतं, त्यांना म्हणाला, "राजे, पिंजऱ्यात जागा नाही, घरी जा!" लोक हसत हसत उठले. खरा पहारेकरी आला, तर आईने त्याला हात जोडले. तो बिचारा गुपचूप मागे चालायला लागला.

आम्हीपण झाडले गेलो. ताई मात्र मागे राहिली. तिला रडू आवरेना.

"बाई, रेंगाळू नका."

"बाबा..." एवढंच म्हणाली ती.

काका थांबला. तिच्याकडे वाकून बघितलं. आणि एकदम आवाज मऊ, "बाबा हरवले का तुझे? रडू नको बाळ. हरवलेली माणसं गेटवर सापडतात." आणि तिचा हात धरला!

तिचा हात धरून तो गेटपर्यंत चालला, आणि ताई, एवढी मोठी बाई, हुंदके देत त्याच्याबरोबर. गेटवर म्हणाला, "कसे दिसतात?"

"उंच आहेत. कान मोठे आहेत."

मग तो टाचा उंचावून गर्दीत उंच माणूस शोधायला लागला, मोठ्या कानांचा. गर्दी संपली. दिवे विझायला लागले. आई म्हणाली, "चला ना आता." काका हलेना. "पोरीला एकटी टाकून कसा जाऊ?"

शेवटी ताईनेच भाऊजींकडे बोट केलं. "ते बघा. सापडले."

काकाने त्यांना आपादमस्तक बघितलं. "अहो, लाज नाही वाटत? केव्हाची रडतेय ती!"

भाऊजी, ज्यांना दर वाक्यात विनोद लागतो, ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं."

काकाने ताईचा हात उचलून त्यांच्या हातात दिला. "आता सोडू नका." आणि आपला सोडवून घेतला.

गाडीत ताई त्याच्याच शेजारी बसली. तो जरा सरकून बसला, परक्या बाईला जागा देतात तसा.

"सापडले ना बाबा?" त्याने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "सापडले."