शनिवारी अकरा दहाला आजारी पडणाऱ्या गाई

माहितीशिवाय प्रगती नाही, असं शेवगाव तालुक्यातल्या आमच्या दूध संघानं एकमतानं ठरवलं. तो ठराव क्रमांक अठरा. सतरावा चहाची किटली बदलण्याचा होता आणि त्यावर जास्त चर्चा झाली.

माहिती हवी होती ती संघाला दूध घालणाऱ्या बनुबाईंमुळे. त्यांची एक गाय व्याल्यावर पहाटे बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर ऊन चढल्यावर पोचले, कारण संघाची गाडी तेव्हा निघते. आता दुसरी गाय गाभण होती.

"गाडी पहाटं पाचला ठिवा," बनुबाईंनी संचालकांना सांगितलं.

"आकडे आणा," संचालक म्हणाले.

आकडे आणायला धनश्रीला नेमलं. नुकतीच इंजिनिअर झालेली. संघाच्या ॲपमध्ये 'डॉक्टर बोलवा' हे बटण होतं. ते दाबलं की डॉक्टरांच्या आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या फोनवर निरोप जाई. आता त्याबरोबर एक नोंदही पाठवायची होती: कुणी दाबलं, कुठल्या गावातून. नोंदी घेणारी सेवा परगावची. ती त्या मोजून आलेख काढते. तिच्या खिडकीला एपीआय म्हणतात. खिडकी उघडायला अक्षरांची एक लांबलचक किल्ली लागते.

पहिली नोंद गेली तेव्हा हेडक्लार्क सुमंत धनश्रीच्या पाठीशी उभे होते. पडद्यावर 'स्वीकारले' असं उमटलं.

"ही पोच?"

"हो काका."

"कोणी दिली?"

"मशीननं."

"सही?"

"नसते."

तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस पडद्याकडे बघत राहिला. "अजून एक पाठव बघू," ते म्हणाले. अशा सात पाठवल्या. सातही पोचा आल्या. एवढ्या तत्परतेचा सुमंतांना संशय आला.

म्हणून त्यांनी नियम केला. संघाबाहेर काहीही जावक क्रमांकाशिवाय जाणार नाही. नोंदी आठवडाभर साठवायच्या, दर शनिवारी अकराला त्यांची सही घ्यायची, मग एकदम रवाना करायच्या.

महिन्यानं संचालकांपुढे आलेख उघडला, दिवसाच्या कुठल्या वेळेला किती बोलावणी आली याचा. जमिनीला टेकलेली रेघ आणि मधोमध एक सुळका. तालुक्यातल्या त्रेसष्ट गाई शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनीच आजारी पडल्या होत्या.

"शनिवारीच का?" अध्यक्षांना खरोखरच प्रश्न पडला. एक संचालक म्हणाले, आठवडी बाजारातून काही येत असंल. दुसऱ्यांनी हळूच साडेसातीचा विषय काढला.

"माझी गाय वार इचारून आजारी पडत न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "आन् अकरा दहा तर तिला कळतबी न्हाई. तिचे दिवस भरत आल्यात, तुमी बाजार काढा."

धनश्रीनं सेवेची माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. नोंदीसोबत वेळ पाठवली नाही, तर ती पोचल्याची वेळ धरली जाते. तिनं वेळ पाठवलीच नव्हती.

"काका, बटण कधी दाबलं ते ॲपमध्ये आहे. तीच वेळ नोंदीवर टाकते."

"म्हणजे मंगळवारची वेळ, शनिवारी?"

"हो."

"पोरी, याला मागची तारीख टाकणं म्हणतात. माणसं निलंबित झालीत यापायी."

धनश्री दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "काका, पत्रावर एक दिनांक असतो ना?"

"असतो."

"आणि जावकचा?"

"तो वेगळा."

"मग ही वेळ पत्रातली."

"अगं, हे आधी नाही का सांगायचं!" सुमंत म्हणाले आणि सही केली.

जुन्या नोंदी नव्यानं गेल्या. सुळका मोडला आणि पहाटे पाच ते सात अशी टेकडी उभी राहिली, अगदी धारेच्या वेळेला. अध्यक्षांनी तिच्यावर बोट फिरवून पाहिलं. ठराव झाला: गाडी रोज पहाटे पाचला सज्ज ठेवावी. बनुबाईंनी पेढे आणले.

सोमवारी त्यांची गाय व्याली आणि पहाटे बसली. बनुबाईंनी बटण दाबलं. वीस मिनिटांत गाडी दारात. ड्रायव्हर बिभीषण एकटाच उतरला.

"डॉक्टर कुठं हायेत?"

"ठराव गाडीचा हाय, मावशी. डॉक्टरांची ड्यूटी दहाला लागती."