पाचाडची हार्मोन थाळी

निशिगंधाला झोप लागत नव्हती आणि पाळीचा भरवसा उरला नव्हता. कधी पंधरवड्यातच यायची, कधी दीड-दोन महिने तोंड दाखवायची नाही, आणि यायच्या आधी कितीतरी दिवस नुसते डाग पडत राहायचे. मागच्या वर्षी दिवस राहिले होते, ते दुसऱ्याच महिन्यात गेले. तेव्हा घरात एक दिवस सगळे हळू आवाजात बोलले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, गडावर गर्दी होती, म्हणून खानावळ नेहमीसारखी उघडली.

खानावळ रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला. गड चढणाऱ्यांना पहाटे चहा-पोहे लागत आणि उतरणाऱ्यांना पिठलं, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. पाटीवर नाव यशराजचं, म्हणजे निशिगंधाच्या नवऱ्याचं होतं आणि चूल निशिगंधाची. यशराज गल्ल्यावर बसायचा आणि पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून घ्यायचा. सासरे कोंडाजी वालाच्या शेतावर लक्ष ठेवायचे आणि सासूबाई बनुबाई निशिगंधावर.

शेवटी एका सोमवारी ती एकटीच महाडला डॉक्टर आम्रपालींकडे गेली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला कधी द्यायचं ते सांगितलं आणि रिपोर्ट आल्यावर शांतपणे समजावलं. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि ते पडल्यावरच शरीर प्रोजेस्टेरॉन बनवतं. निशिगंधाचं बीज वेळेवर बाहेर पडतच नव्हतं, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन कमी होतं. थायरॉइड ठीक होतं, बाकीही काही वाईट दिसत नव्हतं. पण वजन उतरलं होतं आणि डोळे खोल गेले होते.

“उठता कधी?” डॉक्टरांनी विचारलं.

“साडेतीनला. शनिवार-रविवारी त्याच्याही आधी.”

“आणि झोपता?”

सगळे झोपले की मी आडवी होते, एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, की पोटभर जेवण, पुरती झोप आणि कामाचा बोजा कमी, हेही औषधच समजा आणि घरी तसं सांगा.

निशिगंधाने घरी प्रोजेस्टेरॉनसकट सगळं सांगितलं. पण एवढ्या लांब वाक्यातून घरच्यांना एकच शब्द ऐकू आला, तो म्हणजे ‘कमी’. घरात काही कमी आहे म्हटल्यावर कोंडाजींना ते आपल्या अब्रूवर आल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, “कमी हाय तं आणा. म्हाडात मिळत नसंल तं पोलादपुरात बघा.” ते असं विकत मिळत नाही, शरीरातच तयार होतं, असं यशराजने सांगितल्यावर ते थोडे विचारात पडले आणि मग म्हणाले, की हिच्या माहेरचं खाणंच पहिल्यापासून बेताचं.

यशराजने विरारला आपल्या बहिणीला, पूजाला फोन लावला. पूजाने नुकताच मोबाइलवर हार्मोन कोच होण्याचा कोर्स पूर्ण केला होता. त्याआधी ती टपरवेअरचे डबे विकायची. ती पुढच्याच गाडीने आली आणि आल्याआल्या तिने डॉक्टरांच्या गोळ्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या.

“हे सगळं केमिकल आहे, वहिनी. बॉडीला नॅचरली बॅलन्स करायचं असतं. मी आहे ना, तू टेन्शन बिलकुल घेऊ नकोस.”

त्या दिवसापासून निशिगंधाचं टेन्शन घालवायचं काम घराने हाती घेतलं. ते काम फार होतं आणि ते करायला घरात निशिगंधाच होती.

पूजाच्या कोर्सप्रमाणे चंद्राच्या कला बघून बिया खायच्या होत्या. अमावास्येपासून पुनवेपर्यंत जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुनवेपासून अमावास्येपर्यंत तीळ आणि सूर्यफुलाच्या. बिया रोजच्या रोज ताज्या भाजून कुटायच्या, कारण शिळ्या झाल्या की त्यांतली ऊर्जा जाते. मग डिंक आणि खजूर घालून लाडू. शतावरीचं दूध, तेही मंद आचेवर आटवलेलं. या सगळ्यासाठी निशिगंधा आता तीन वाजता उठू लागली. बनुबाईंनी लाडू चाखून बघितला आणि सुनेला एकटीला काही खाताना ओशाळं वाटू नये म्हणून सगळ्यांनीच खायचं ठरवलं. त्यामुळे लाडू पाचपट करावे लागले.

सकाळी दवात अनवाणी चालायचं होतं. जमिनीतली शक्ती तळपायातून वर चढते, असं पूजा म्हणाली. लावणीच्या दिवसांत महिनाभर गुडघाभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या निशिगंधाने विचारलं, की तेव्हा किती चढली असेल. पूजाने सांगितलं, की ते काम झालं. यात मनात कृतज्ञता असावी लागते.

दुपारी विश्रांतीची वेळ ठरली. खरकटी आवरून ती आतल्या खोलीत आडवी झाली, की बनुबाई उशाशी येऊन बसायच्या. “झोप लागली का गो?” असं त्या अधूनमधून विचारायच्या आणि ती नाही म्हणाली, की डोळे घट्ट मीट म्हणून सांगायच्या. संध्याकाळनंतर निशिगंधाने मोबाइल आणि टीव्ही बघायचा नाही, असाही नियम होता. बाकीच्यांना तो नव्हता. त्यामुळे ते मालिका बघत आणि ती भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसे.

महिना सरला तसा फरक दिसायला लागला. बनुबाईंचे गुडघे दुखायचे थांबले. कोंडाजींच्या गालांवर तकाकी आली. यशराजचं पोट इतकं साफ होऊ लागलं, की त्याने गल्ल्यावर बसून आलेल्यागेलेल्याला ती हकिकत सांगायला सुरुवात केली. निशिगंधाचे डाग मात्र तसेच होते आणि त्यात डोकेदुखीची भर पडली होती. पूजा म्हणाली, की हे चांगलं लक्षण आहे, शरीर विष बाहेर टाकतंय.

यशराजच्या बोलण्यावरूनच थाळीची कल्पना निघाली. पुण्याच्या एका पाहुण्याने तो लाडू मागून घेतला, त्याचा फोटो टाकला, आणि पुढच्या शनिवारी चार गाड्या हार्मोनचे लाडू कुठे मिळतात म्हणून विचारत आल्या. यशराजने लगेच नवी पाटी रंगवून घेतली. ‘नैसर्गिक हार्मोन संतुलन थाळी, घरगुती.’ थाळीत जवसाची चटणी, लाल भोपळ्याची भाजी, बियांची कोशिंबीर, बिरडं, नाचणीची भाकरी आणि तो लाडू. सगळ्यात जास्त थाळ्या पुरुषच मागवत. आपलं काय कमी आहे ते त्यांना माहीत नसे, पण गड उतरल्यावर काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायचं खरं.

आता निशिगंधा अडीचला उठत होती. एकदा तिने यशराजला सांगून पाहिलं, की मला हे होत नाही. तो मनापासून म्हणाला, “अगं, हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं, म्हणून ती पुन्हा बिया कुटायला बसली.

पौषातल्या एका रविवारी पोलादपूरहून शिक्षिकांचा मोठा गट थाळीसाठी येणार होता. जेवणानंतर पूजा त्यांच्यासमोर आपल्या कोर्सची माहिती देणार होती आणि ती मोबाइलवरून थेट सगळीकडे दिसणार होती. निशिगंधाने शेवटी येऊन आपला अनुभव सांगायचा होता. तीन वाक्यं पूजाने तिच्याकडून घोकून घेतली होती. आधी मला झोप लागत नव्हती. आता मी ताजीतवानी उठते. हे सगळं नैसर्गिक आहे.

बाया पोटभर जेवल्या. पूजा छान बोलली. मग तिने निशिगंधाला शेजारी उभं केलं, मोबाइल यशराजच्या हातात दिला आणि विचारलं, “वहिनी, सांग सगळ्यांना. या रूटीनने तुझ्यात काय काय बदल झाला?”

निशिगंधाने पदराला हात पुसले. पहिलं वाक्य तिला आठवलं आणि तिने ते म्हटलं. आधी मला झोप लागत नव्हती. दुसरं वाक्य तोंडात आलं, पण बाहेर पडेना. समोर कुणीतरी मान हलवून तिला धीर देत होतं.

“आता झोपायला वेळच नाही,” ती म्हणाली. “आज मी अडीचला उठले. बिया भाजल्या, कुटल्या. तुम्ही खाल्लेले लाडू वळले. दूध आटवलं. मग दवात चालायचं होतं, ते चालले. मग पोहे केले, मग ही थाळी. डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्यात, त्या केमिकल आहेत म्हणून ठेवून दिल्यात. झोपा म्हणाल्या होत्या. ते नैसर्गिक होतं, पण ते राहूनच गेलं.”

पूजा हळूच म्हणाली, “आणि फायदा? फायदा सांग ना.”

निशिगंधाने खरोखर विचार केला. “आईंच्या गुडघ्यांना झाला,” ती म्हणाली.

यशराजने मोबाइल खाली घेतला, पण तो बंद कसा करायचा हे त्याला सुचलं नाही. त्यामुळे पुढचा काही वेळ मोबाइलवर बघणाऱ्या पूजाच्या कोर्सच्या बायांना त्याच्या चपला दिसत राहिल्या. निशिगंधा आत गेली, गोळ्या आणि दोन साड्या पिशवीत भरल्या आणि बाहेर येऊन सासूला म्हणाली, की मी तुडीलला जाते, आईकडे. केव्हा येणार, असं बनुबाईंनी विचारलं. झोप झाली की येईन, असं ती म्हणाली. शिक्षिकांच्या गाडीत महाडपर्यंत जागा मिळाली. वाटेत कुणी तिला काही विचारलं नाही, कारण गाडी पाचाडच्या बाहेर पडायच्या आत तिची मान शेजारणीच्या खांद्यावर पडली होती.

तुडीलला तिची आई शकूबाई एकटी राहायची. तिने लेकीकडे बघितलं, मऊ भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं, आणि आतल्या खोलीची खिडकी लावून घेतली. निशिगंधा झोपली. दुसऱ्या दिवशी उठली, जेवली, गोळी घेतली, सावित्री नदीच्या काठापर्यंत चालून आली आणि पुन्हा झोपली. असंच बरेच दिवस चाललं. शेजारीण विचारायला आली, की लेक भांडून आली का. शकूबाई म्हणाली, “नाय गो, दमून आली.”

यशराज तिला न्यायला आला तो भर दुपारी. ती झोपली होती. शकूबाईने त्याला चहा दिला आणि उठवणार नाही म्हणून सांगितलं. तो ओट्यावर बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि तो खांबाला टेकून पेंगत होता. त्याच्या बोटांना भाजल्याचे चट्टे होते.

पूजा विरारला गेली, असं त्याने सांगितलं. पहिल्या दिवशी ती पहाटे उठली होती. दुसऱ्या दिवशी तिला उठवायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिने बनुबाईंना समजावलं, की प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते आणि आपल्या प्रकृतीला पहाट चालत नाही. थाळी बंद होती. पोहे तो स्वतःच करत होता.

“मला वाटलं, लाडवांनी होईल,” तो म्हणाला.

“मागच्या वर्षी गेलं ना आपलं, तेव्हा मला आठ दिवस फक्त झोपायचं होतं,” निशिगंधा म्हणाली. “कुणी झोप म्हणालं असतं तर मी झोपले असते.”

मलाही तेव्हा काहीतरी बोलायचं होतं, पण कसं बोलायचं ते कळलं नाही, असं तो पुटपुटला. मग परत कधी येशील म्हणून त्याने विचारलं आणि तिने अट सांगितली. उजाडायच्या आत ती चुलीला हात लावणार नाही. पहाटेचा चहा आणि पोहे त्याचे. त्याने मान हलवली.

ती परत आली आणि ठरल्याप्रमाणे यशराज पहाटे उठायला लागला. आठवडाभरातच त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या तो घोरायला लागला आणि एका गाडीवाल्यावर उगाचच खेकसला. बनुबाईंचा जीव वरखाली झाला. त्या दिवशी संध्याकाळी टीव्ही लावायच्या आधी त्यांनी कोंडाजींना समोर बसवलं आणि सांगितलं, की एवढं काम एका माणसाच्यानं होण्यासारखं नाय, पोरगा मरंल. कोंडाजींनाही ते पटलं. एवढं सगळं एकटं माणूस करतं कसं, याचं त्यांना नवल वाटलं. सकाळपर्यंत त्यांनी वाडीतल्या रामजीच्या बायकोला पहाटेच्या कामाला ठरवूनही टाकलं.

त्या संध्याकाळचं हे बोलणं निशिगंधा दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला राग आला होता. मग इतकी वर्षं मी कोण होते, असं विचारावं असं तिला फार वाटलं. मग कोपऱ्यात बसलेल्या यशराजने वर बघितलं. त्याला सगळं कळलं होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. ते बघून तिला हसू यायला लागलं. ती आत गेली, पांघरूण ओढून घेतलं आणि टीव्हीचा आवाज कमी करा, असं मोठ्याने सांगितलं. तो कमी झाला.

शिमग्याच्या सुमाराला तिची पाळी आधी डाग न पडता, वेळेवर, सरळ आली.