सलोनीसाठी धरलेली जागा

माणूस बंड करतो ते तत्त्वासाठी, असं इतिहास सांगतो. दहावीतल्या सलोनीनं केलं ते सोयाबीनचं निंदण चुकवायला.

झालं असं, की निकितानं फर्मान काढलं: शनिवारी अख्ख्या वर्गानं दांडी मारायची. निकिता मॉनिटर नव्हती, पण मॉनिटर तिला विचारून पाणी प्यायचा. सलोनी मात्र शाळेत गेली, कारण घरी राहिली असती तर आईनं हातात खुरपं दिलं असतं. गणिताच्या सरांनी तिला एकटीलाच त्रिकोणमितीचा धडा शिकवला आणि सोमवारी जाहीर केलं, की वर्गाचा तो धडा झाला.

त्या दिवशीच ठरलं. सलोनीशी कोणी बोलायचं नाही. जी बोलेल, तिच्याशीही नाही.

वर्गातलीच तांड्यावरची संगीता आणि सलोनी नेरच्या शाळेतून परतताना एसटीत एकाच बाकावर बसायच्या. बस सुटली की सलोनी तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. आता ती ड्रायव्हरजवळ दांडा धरून उभी राहायची. मागून संगीताला तिची वेणी दिसायची. रिबन एका बाजूनं सुटलेली असायची आणि ती बांधायला संगीताची बोटं शिवशिवायची. मोकळा खांदा दुखतो, हे तिला नव्यानंच कळत होतं.

एका गुरुवारी बस स्टँडवर लागली. पोरींनी नेहमीसारख्या खिडक्यांतून ओढण्या टाकून जागा धरल्या. संगीतानं दप्तरच टाकलं. वर चढून ती खिडकीशी बसली, दप्तर शेजारी तसंच ठेवलं.

निकिता आली. "उचल ते."

"जागा धरली हाय."

"कोणासाठी?"

"सलोनीसाठी."

"बोलली तू तिच्याशी?"

"नाही. बोलायचं नाही म्हणलं होतं. जागा धरायची नाही, असं कुठं म्हणलं?"

निकिताला नियमातली ही फट बुजवायला वेळ लागला. "उद्यापासून तुह्याशी बी कोणी बोलणार नाही."

"मंग उद्या सांगजो."

आपलं नाव ऐकून सलोनी ड्रायव्हरजवळून गर्दीतून वाट काढत मागे आली. संगीतानं दप्तर मांडीवर घेतलं. इतक्या दिवसांत मनात घोकलेलं सगळं ओठांपर्यंत आलं.

सलोनीनं आधी दप्तराकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

"खिडकी मले दे ना," ती म्हणाली. "मळमळून राह्यलं."