महिला शाखेचा फौजदार

बेबी साठीला टेकली, आजी झाली, तरी तिचं नाव बेबीच राहिलं. ज्या माउलीने लाडाने हाक मारून ते पाडलं, ती माउलीच लेक दीड वर्षाची असताना देवाघरी गेली. पुढे घर बदलताना फोटोंची पेटी गहाळ झाली आणि आईचा चेहरा म्हणून बेबीजवळ काहीच उरलं नाही. स्वतःची आई समोरून आली तरी ओळखू येऊ नये, एवढं दुर्दैव वैऱ्याच्याही वाट्याला नको. आत्याने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पण उठता-बसता तिचं एकच पालुपद, पोरगी अगदी बापाच्या वळणावर गेलीय. म्हणजे आरशात आई शोधायचीही सोय नव्हती.

शेवटच्या आजारपणात मात्र आत्याला आठवलं, की वहिनीने एकदा सांस्कृतिक मंडळाच्या नाटकात काम केलं होतं, तिथे फोटो असेल. झालं! बेबीने नवऱ्याचं डोकं खाऊन त्याला गाडी काढायला लावली. नवरा जात्याच घायकुता. बायको आरशासमोर बसली की हा दारात चपला घालून उभा. आजही गाडीला धड जागा मिळाली नाही, म्हणून पटकन आटप असं त्याने दोनदा बजावलं.

मंडळाची जुनी इमारत भर बाजारात, दोन बँकांच्या मध्ये अंग चोरून उभी होती. खाली वाचनालय, वर नाट्यगृह आणि जिन्याच्या भिंतीवर ओळीने फोटो. 'महिला शाखा' लिहिलेल्या फोटोपाशी बेबी थबकली. मधोमध नायिका बसली होती, नाकीडोळी नीटस, नजर मायाळू. बेबीने काचेवर हात ठेवला आणि मनातल्या मनात तिला मुलं, सुना, नातवंडं, सगळं सांगून टाकलं. सासूबाई देखण्या होत्या हं, तुझ्यात काही उतरलं नाही, असं नवराही म्हणाला.

तेवढ्यात वाचनालयातून एक म्हातारी काठी टेकत आली. पूर्वी ती इथली ग्रंथपाल होती. बेबीने आपण कुणाची लेक ते सांगितलं, तशी म्हातारी बघतच राहिली. मग तिने फोटोच्या कडेला बोट ठेवलं.

"अगं, ती डॉक्टरीणबाई. तुझी आई ही."

कडेला एक फौजदार उभा होता. भुवयांपर्यंत टोपी आणि गालभर मिशा.

महिला शाखेच्या नाटकात पुरुषांना मज्जाव, म्हणून सगळ्या भूमिका बायकाच करायच्या, म्हातारी सांगू लागली. तुझी आई उंच, म्हणून ती फौजदार. फोटो प्रयोगाआधीच पूर्ण वेशात काढायचे, कारण नंतर सगळ्यांना घर गाठायची घाई. दुसरा फोटो नाही.

बेबी मटकन पायरीवर बसली. "जन्मात एकदा आई बघायला आले," ती म्हणाली, "आणि नशिबी हा मेला फौजदार!" नवऱ्याला हसू फुटत होतं, पण तिचे भरलेले डोळे पाहून त्याने ते गिळलं.

म्हातारीने त्याला फोटो खिळ्यावरून काढायला लावला आणि दोघांना रंगपटात नेलं. बेबीला आरशासमोर बसवलं, कपड्यांच्या ट्रंकेतून एक टोपी शोधून तिच्या डोक्यावर चढवली आणि काळ्या पेन्सिलीने ऐसपैस मिशा काढल्या. या वयात हे काय सोंग, असं बेबी पुटपुटत होती. मग म्हातारीने फोटो आरशाला टेकवला.

बेबी पुढे वाकली. दोन फौजदार शेजारी शेजारी. तेच नाक, तीच खळीची हनुवटी, डावा डोळा उजव्यापेक्षा तसाच किंचित बारीक. ही हनुवटी ती आजवर बापाची समजत आली होती. आत्या माया लावून गेली, पण भावाच्या कौतुकापायी केवढी थाप मारून गेली!

म्हातारीने टोपी उतरवली, कापसावर क्रीम घेतलं आणि मिशा हळूहळू पुसून काढल्या.

"प्रयोग संपला की तिच्या मिशा मीच पुसायचे," ती म्हणाली. "आत्ता बघ. अश्शीच दिसायची. केस तेवढे काळे होते."

बेबी आरशासमोरून हलेना. खाली रस्त्यावर कुणीतरी त्यांच्याच गाडीच्या नावाने हॉर्न बडवत होतं. नवऱ्याने एक स्टूल ओढलं आणि तो तिच्या मागे बसला.

"बघ," तो म्हणाला. "सावकाश बघ."