खांबाचा गारवा

नखाखाली अडकलेला पांढरा पापुद्रा भिवाजींनी उजेडाकडे धरला — एका बाजूला संगमरवराच्या करड्या शिरा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसता रंग... आणि समोर दिवाणखान्याचा खांब, कमरेपर्यंत खरवडलेला, तांबूस, सागवानी.

शेठची हवेली. कर्जतच्या बाजारात भाताच्या व्यापारावर शंभर वर्षांपूर्वी उभी राहिलेली. खाली कोठारं, वर बिडाच्या कठड्याचा सज्जा, दारांवर रंगीत काचा, आणि आत हे चार संगमरवरी खांब. संगमरवरी — हे भिवाजींनीच भाच्याला सांगितलं होतं, ग्रंथालयात जन्म काढलेल्या माणसाच्या खात्रीनं. आणि त्या एका शब्दावर हर्षदनं हवेली, पाडायला निघालेल्या बिल्डरच्या हातून, विकत घेऊन सोडवली होती.

"मामा, लाकूड हाय की हे," मागून हर्षद म्हणाला. हसत म्हणाला. का हसला?

"काल दारात टेंपो होता."

"राडारोडा नेला."

"ताडपत्री बांधून?"

"मग उघडा नेऊ? बाजारभर धूळ उडवत? तुमी पण ना, मामा. बसा, सुप्रिया चहा आणतेय."

भाचेसुनेनं दिलेला चहा नेहमीपेक्षा गोड होता. खरे खांब विकून त्यांच्या जागी लाकूड उभं करायचं, त्यावर आधी शिरा रंगवायच्या आणि मग मामाच्या देखत खरवडायच्या — असं कोणी करतं का? चलाख माणूस करील. पण खांब काढायचा तर वरचं छत टेकूंवर तोलायला हवं, टेकूंचे वण फरशीवर उमटायला हवेत... आणि फरशीवर नेमकं प्लास्टिक अंथरलेलं. कळंबच्या एखाद्या रिसॉर्टात आत्ता ते खांब... की मीच चुकलो? दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन वडिलांच्या मागे मी इथंच उभा राहायचो, शेठचं लक्ष जाईपर्यंत, या खांबाशेजारी, घामट हात पाठीशी धरून — डाग पडेल म्हणून. म्हणजे हात कधी लावलाच नाही? मग इतकी वर्षं तळहातात जपलेला तो गारवा कुठून आला?

प्लास्टिकचा कोपरा पायाशीच होता.

"उचलू का ते? बघायचंय तुमाला?" हर्षदनं विचारलं, सहज... की जरा जास्तच सहज.

"नको. राहू दे."

वण असले तर बहिणीचा मुलगा चोर. नसले तर तळहातातला तो गारवाच खोटा... भिवाजींनी कप दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की मघापासून आपण मनातल्या मनात देवाला विनवतो आहोत — खाली वण असू देत.